पहिलीं बारा चित्रें

घरांत पहिला कॅमेरा येतो तेव्हां पहिला मान बहुधा आजोबांचा असतो. बारा-तेरा वर्षांचा नातू किंवा नात त्यांना अंगणांत खुर्ची टाकून बसविते, आजी घाईनें पदर सारखा करून शेजारीं उभी राहते, आणि भर दुपारच्या उन्हांत, “हलूं नका हं आजोबा,” असें बजावून चित्र घेतलें जातें. पूर्वीं तें आठ दिवसांनीं धुऊन येई. आज मोबाइलच्या कांचेवर तें त्याच क्षणीं दिसतें. दिसतें तें मात्र पूर्वींसारखेंच. आजोबांच्या डोळ्यांच्या जागीं दोन काळे खळगे, नाकाखालीं सांवलीची मिशी, आजीच्या फिकट पातळाचा नुसता पांढरा ठिपका, आणि दोघांच्या डोक्यांतून उगवलेला मागचा कपडे वाळत घालण्याचा बांबू. घरांत हंशा पिकतो आणि कोणीतरी म्हणतें, “कॅमेराच स्वस्तांतला दिसतो!”

शिकणाऱ्याचें पहिलें नुकसान होतें तें येथें. दोष एकदां यंत्राच्या माथीं मारला कीं शिकण्याजोगें कांहीं उरतच नाहीं. वास्तविक यंत्रानें समोर होतें तेंच टिपलें. सूर्य डोक्यावर असतांना कपाळाची व भुवयांची सांवली डोळ्यांवर पडते. ती एरवीं कोणाच्या लक्षांत येत नाहीं, कारण माणसाचा डोळा उजेडाशीं आणि अंधाराशीं झपाट्यानें जुळवून घेतो, आणि डोळ्याला जें कमी पडतें तें ओळखीचें मन भरून काढतें. कॅमेऱ्याला आजोबांची ओळख नसते. त्याच आजोबांना सकाळीं आठ वाजतां दारांतून दोन पावलें आंत, तोंड बाहेरच्या आकाशाकडे करून बसवावें. त्याच स्वस्तांतल्या कॅमेऱ्यांतून त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती येते, आणि डोळ्यांत दाराचा एक लहानसा चौकोन चमकतो.

म्हणून नवशिक्याच्या हातीं कॅमेरा देण्यापूर्वीं आठवडाभर एक पितळेचा तांब्या द्यावा. तो खिडकींत ठेवून सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं नुसता पाहावयाचा: सांवली कोणत्या बाजूस पडली, तिची कड तीक्ष्ण आहे कीं मऊ, तांब्याचा गोलपणा केव्हां कळतो आणि केव्हां तो सपाट ताटलीसारखा दिसतो. बाजूनें येणारा प्रकाश वस्तूला अंग देतो, समोरून येणारा तें काढून घेतो. हें पुस्तकांत एका ओळींत लिहिलेलें असतें; पण तांब्याकडे चार दिवस पाहिल्यावांचून तें खरें वाटत नाहीं.

दुसरा धडाही कॅमेऱ्यावांचूनच व्हावा, आणि तो तर साऱ्या घरानें मिळून पाहण्यासारखा आहे. समोर स्वच्छ ऊन पडलेला रस्ता असेल अशी एक खोली निवडावी. खिडक्या व दारांच्या फटी काळ्या कागदानें आणि घोंगड्यांनीं बुजवाव्या, व खिडकीवरच्या कागदाला चण्याएवढें एक भोंक पाडावें. पहिलीं चार-पांच मिनिटें कांहींच दिसत नाहीं आणि लहान भावंडें कुरकुरूं लागतात. मग डोळे अंधाराला सरावतात, आणि समोरच्या भिंतीवर सारा रस्ता उमटलेला दिसतो, तोही उलटा: आकाश खालीं, झाडें वरून लोंबणारीं, आणि छताजवळून चाके वर करून जाणारी बस. प्रकाश सरळ रेषेंत जातो, त्यामुळें वरचा किरण भोंकांतून खालीं उतरतो व खालचा वर चढतो, एवढेंच यांतलें रहस्य. कॅमेरा या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘खोली’ असा आहे, तो त्या दिवशीं मुलांना निराळा सांगावा लागत नाहीं.

खोलीचा मोह येथेंच आवरूं नये. भोंक मोठें केलें तर चित्र उजळतें, पण पुसट होतें. लहान केलें तर रेखीव होतें, पण अंधुक. मग आजोबांचा वाचण्याचा चष्मा मागून आणावा व त्याचें एक भिंग मोठ्या भोंकासमोर धरावें. पांढरा कागद मागें-पुढें करीत गेलें म्हणजे, भिंगाच्या शक्तीप्रमाणें हातभर किंवा त्याहून थोड्या अंतरावर, चित्र एकाएकीं उजळही होतें आणि रेखीवही. पण तें त्या एकाच जागीं. कागद चार बोटें हलला कीं सारें विरघळतें. ‘फोकस’ हा शब्द पाठ करून येत नाहीं तो येथें हाताला कळतो.

ही खोली खिशांत मावण्याजोगी झाली आणि मुलांच्या हातीं आली त्याला आतां सव्वाशे वर्षें होऊन गेलीं. १९०० सालीं अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनीनें ‘ब्राउनी’ नांवाची पुठ्ठ्याची पेटी एक डॉलरला विकावयास काढली; सहा चित्रांची फिल्म पंधरा सेंटला मिळे. एक भिंग, एक झडप, फिरविण्याजोगें फारसें कांहीं नाहीं. ती मुलांसाठीं म्हणून जाहीर केली होती आणि मोठ्यांनींही ती सोडली नाहीं. आपल्याकडे पुढें बडोद्यास तयार होणाऱ्या ‘आग्फा क्लिक-३’ नें अनेक घरांत तेंच काम केलें. तिच्या एका रोलावर बारा चौकोनी चित्रें येत. बारा चित्रें म्हणजे बारा संधी; तेरावी हवी असेल तर रोलाचे पैसे वडिलांकडे मागावे लागत, आणि वडील पहिलीं बारा दाखव म्हणत. या एका अडचणीनें जितक्या मुलांना पाहावयास शिकविलें तितकें फार थोड्या शिक्षकांनीं शिकविलें असेल.

मुंबईंत ही विद्या एका तेरा वर्षांच्या मुलीच्या वाट्यास कशी आली ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. होमाई हिचा जन्म १९१३ सालीं नवसारीस एका पारशी कुटुंबांत झाला. वडील फिरत्या नाटक मंडळींत नट; म्हणजे घरीं पैशाची चंगळ नव्हती. १९२६ सालीं तिची ओळख माणेकशा व्यारावाला या तरुणाशीं झाली. माणेकशांना छायाचित्रणाचा नाद होता, आणि त्यांनीं तो आपल्यापुरता ठेवला नाहीं. कॅमेरा कसा धरावा, प्रकाश कसा मोजावा, काळोखांत फिल्म कशी धुवावी हें होमाई त्यांच्याकडून शिकली. पुढें ती सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत दाखल झाली. तेथें चित्राची मांडणी, रिकाम्या जागेचें वजन, आकृतींचा एकमेकींशीं संबंध, हें सारें पेन्सिलीनें शिकावयाचें असे. एक शिक्षण यंत्राचें आणि एक डोळ्याचें. दोन्ही एकाच वयांत मिळणें हें मोठें भाग्य होय. कलाशाळेंतील मैत्रिणी हींच तिचीं पहिलीं पात्रें. तिनें काढलेलीं स्त्रियांच्या एका वनभोजनाचीं चित्रें ‘बॉम्बे क्रॉनिकल’ पत्रानें घेतलीं आणि प्रत्येक चित्राला एक रुपया दिला.

पण त्या काळीं तिचीं चित्रें छापून येत तीं पुष्कळदां माणेकशांच्या नांवावर. ‘इलस्ट्रेटेड वीकली’ सारख्या मोठ्या साप्ताहिकांत मुंबईचें जीवन दाखविणारीं तिचीं चित्रें आलीं. वाचणाऱ्यांना मात्र तीं एका गृहस्थानें काढलीं असेंच वाटलें असणार. साडी नेसलेली, गळ्यांत कॅमेरा अडकवून रस्त्यांतून हिंडणारी स्त्री लोकांना गंभीरपणें घेण्याजोगी वाटत नव्हती. होमाईबाईंनीं नंतर असेंही सांगितलें आहे कीं, लोकांनीं आपल्याला गंभीरपणें न घेतल्यामुळें आपल्याला हवें तेथें उभें राहतां आलें. दोघांचा विवाह १९४१ सालीं झाला व १९४२ सालीं तीं दिल्लीस ब्रिटिश माहिती खात्याच्या कामावर गेलीं. १९४७ च्या फाळणीच्या निर्णयाची बैठक, ऑगस्टमधील ध्वजारोहण, लॉर्ड माउंटबॅटन यांचें प्रयाण, गांधीजींची अंत्ययात्रा, हीं सारीं त्यांच्या कॅमेऱ्यानें पाहिलीं. भारताच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. २०१२ च्या जानेवारींत बडोद्यास त्या निवर्तल्या. या मोठ्या चित्रांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. नवशिक्याला अधिक उपयोगाची आहेत तीं आधींचीं, कलाशाळेच्या दिवसांतील: ओळखीचीं माणसें, जवळचा प्रकाश, आणि काढणारीला कोठें उभें राहावें हें नेमकें ठाऊक असलेलें.

आतां थोडें आंकड्यांविषयीं. येथें पुष्कळ मुलें घाबरतात, आणि त्यांना समजावणारीं मोठीं माणसें तर त्यांच्याहून अधिक घाबरतात. भिंगाभोंवतीं २·८, ४, ५·६, ८, ११, १६ असे आंकडे असतात. ते छिद्राचे. सोळा मोठा आंकडा असून छिद्र मात्र लहान, हें कोडें पडतें. पण तो आंकडा म्हणजे भाजक आहे. भिंगाच्या केंद्रांतराचा सोळावा भाग तो सोळा, चौथा भाग तो चार. पावशेर दूध अदपावाहून जास्त हें ज्या घरांत कळतें त्या घरांत हें कळण्यास हरकत नाहीं. एका आंकड्यावरून पुढच्यावर गेलें कीं प्रकाश निम्मा होतो. झडपेचे आंकडे त्याहून सोपे: सेकंदाचा तिसावा, साठावा, सव्वाशेवा, अडीचशेवा भाग, तेथेंही प्रत्येक पायरीला निम्मा.

चाळींतल्या नळाचा दाखला येथें चपखल बसतो. नळ पुरा सोडून कळशी थोड्या वेळांत भरा, कीं बारीक धारेनें बऱ्याच वेळांत भरा, पाणी तेवढेंच. फिल्मला लागणारा प्रकाशही तसाच ठरलेला असतो. परंतु कळशीला बारीक धार आणि मोठी धार यांत फरक नाहीं, चित्राला आहे. वेळ लांबविला तर धांवणारें मूल पुसून जातें. छिद्र मोठें केलें तर आजोबांचें नाक रेखीव येतें आणि कान मऊ होतात. तेव्हां प्रश्न किती प्रकाश घ्यावा एवढाच नसून, घरांतील कोणती गोष्ट रेखीव हवी हाही असतो, आणि त्याचें उत्तर कोणत्याही यंत्राला देतां येत नाहीं.

मोजण्याचें यंत्र नसलें तरी अडत नाहीं. फिल्मचा वेग शंभर असेल तर स्वच्छ उन्हांत छिद्र सोळा व वेळ सेकंदाचा सव्वाशेवा भाग, हा छायाचित्रकारांचा जुना अडाखा आहे. ऊन पातळ झालें तर अकरा, आकाश भरलेलें असेल तर आठ, आणि गॅलरीच्या किंवा झाडाच्या मोकळ्या सांवलींत पांच-सहा किंवा चार. मुंबईच्या जुलई महिन्यांत हा अडाखा दर अर्ध्या तासाला बदलावा लागतो, आणि त्यासारखा शिक्षक नाहीं. ज्यानें एक पावसाळा वहींत आंकडे टिपून काढला त्याला प्रकाशाची भाषा येऊं लागली असें समजावें.

हात हलणें हा मात्र सर्व नवशिक्यांचा कुलधर्म आहे. तिसाव्या भागाहून सावकाश झडप हातांत धरून उघडूं नये. कोपर अंगाला टेकलेले, पाय थोडे फांकलेले, श्वास अर्धा सोडून थांबविलेला, आणि बोट खटक्यावर ठोसा न मारतां हळूच दाबलेलें, इतकें केलें तरी निम्मीं चित्रें सुधारतात. पोटाशीं धरून वरून पाहावयाचे जे रोलिफ्लेक्ससारखे कॅमेरे असत त्यांची गंमत निराळीच. त्यांच्या आरशांत उजवें तें डावें दिसे. मूल उजवीकडे धांवे, शिकणारा डावीकडे वळे, आणि रोलावर नुसती भिंत येई.

काळोख पडला तर तिपाई. तिपाईचें मोल सांगावयास दादासाहेब फाळक्यांचें उदाहरण पुरेल. बडोद्याच्या कलाभवनांत तरुणपणीं त्यांनीं छायाचित्रण व छपाई यांचा अभ्यास केला होता. पुढें चित्रपटाचा ध्यास लागला तेव्हां भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसविला, आणि ठराविक काळानें एक-एक चौकट घेत राहिले. तो पट चालविला तेव्हां पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुर वर आला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. हा वाटाणा त्याच्या आधींचा. आजचें कोणतेंही मूल एक कुंडी, एक खिडकी आणि न हलणारा कॅमेरा एवढ्या सामग्रीवर तो प्रयोग करूं शकतें. कुंडी पुसण्यासाठीं मात्र कोणी उचलतां कामा नये, आणि हें घरांतल्या सर्वांना आधीं सांगून ठेवावें.

फिल्म धुण्याचा भाग आतां थोड्याच घरीं उरला आहे. पण ज्यांनीं तो अनुभवला ते त्याविषयीं बोलूं लागले कीं थांबत नाहींत. रात्रीं घर निजल्यावर मोरीच्या खिडकीला घोंगडें लावून फिल्म पूर्ण अंधारांत डब्यांत भरावयाची, मग डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो. डेव्हलपर वीस अंश सेंटिग्रेड असावा असें डबीवर लिहिलेलें असे. मे महिन्यांत मुंबईच्या नळाचें पाणी त्याहून कितीतरी गरम. म्हणून परातींत बर्फ घालून तींत बाटली ठेवावी लागे, नाहींतर चित्र भराभर काळें होई आणि फिल्मवरचा सरसाचा थर मऊ पडून ओरखडे उमटत. कागदावर छापणें तांबड्या दिव्याखालीं चाले. पांढरा कागद द्रावणांत पडे, अर्धा मिनिट कांहीं होत नसे, आणि मग कोठूनतरी एक केसांची रेषा, एक भुवई, एक गुंडी वर येऊं लागे.

मोरींत शिकण्यासारखें होतें तें हें कीं, चुकीला कारण असतें. निगेटिव्ह कांचेसारखी पातळ व पारदर्शक आली तर प्रकाश कमी पडला. काळी ठिक्कर आली तर जास्त झाला. सांवल्यांत कांहींच नसेल तर चूक घेण्याच्या वेळीं झाली, धुण्यांत नव्हे. कारण जें फिल्मवर पोहोंचलेंच नाहीं तें कोणत्याही द्रावणानें वर येत नाहीं. एक रोल संपूर्ण वायां गेला म्हणून रडणाऱ्या मुलाला ती पट्टी दिव्यासमोर धरून, “हें बघ, हें येथें असें झालें,” म्हणून दाखविणारा वडीलमाणूस घरांत असेल तर तो रोल वायां गेला नाहीं. नसेल तर कॅमेरा लवकरच कपाटांत जातो. मुंबईच्या दमट हवेंत कपाटांतल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर दोन पावसाळ्यांत बुरशी धरते, आणि मग तो कोणाच्याच उपयोगाचा राहत नाहीं.

आज मुलाच्या हातीं मोबाइल आहे. तो स्वतःच प्रकाश मोजतो, फोकस जुळवितो, अंधारांत अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक करितो. यंत्र वाईट नाहीं. पुष्कळ बाबतींत तें होमाईबाईंच्या कॅमेऱ्याहून चतुर आहे. अडचण एवढीच कीं, तें फुकट हजार चित्रें देतें आणि एकाचेंही कारण सांगत नाहीं. यावर एक साधा उपाय कांहीं घरांतून केला जातो. आठवड्याला बारा चित्रें, तेरावें नाहीं. एकही रविवारपर्यंत पुसावयाचें नाहीं. आणि रविवारीं तीं बाराही सर्वांसमोर पाहावयाचीं. बोटानें चेहऱ्यावर टेकलें कीं यंत्र त्या चेहऱ्याचा प्रकाश धरतें, आणि जवळचें हवें तर चिमटीनें न ओढतां दोन पावलें पुढें जावें, इतकें आरंभीं पुरे. आणखी एक क्षुल्लक सूचना: भिंग धोतराच्या अगर ओढणीच्या मऊ टोकानें आधीं पुसून घ्यावें. निम्मीं ‘धुकट’ चित्रें धुक्यानें नव्हे, तर शंकरपाळ्याच्या तुपानें झालेलीं असतात.

अनोळखी माणसाचें चित्र घ्यावयाचें झाल्यास त्याला विचारावें, आणि तो नको म्हणाला तर कॅमेरा खालीं घ्यावा. मुलें हें एकदां सांगून ऐकतात. मोठ्यांना तें वारंवार सांगावें लागतें.

बारा चित्रें पाहून झालीं कीं चांगलें वाटलेलें एक कागदावर छापून घ्यावें, तें राहतें. त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, दाबून न लिहितां, तारीख, ठिकाण, वेळ, छिद्राचा व झडपेचा आंकडा, चित्रांत कोण आहे तें, आणि त्याखालीं तें काढणारीचें अगर काढणाऱ्याचें नांव, पूर्ण.